शरफुन्निसाभाभींचं लिस्बन

जेद्दातल्या अझीझियामधल्या आमच्या इमारतीत शरफुन्निसाभाभी गेली सोळा वर्षं माझ्या समोरच्या दारात राहतात. या सोळा वर्षांत त्यांच्या वतीने मी किती बोलले असेन याची गणती नाही. दवाखान्यात डॉक्टरांशी मी बोलले. शाळेत मुलाच्या टीचरशी मी बोलले. बँकेच्या फोनवर तर ‘हो, मीच शरफुन्निसा होडेकर’ असं धडधडीत खोटंही मीच बोलले. मी इथल्या एका सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी करते, नवरा प्रसाद तिकडे जुबैलला प्लँटवर, पंधरा दिवसांनी एकदा घरी येतो. घरात बोलायला कोणी नाही आणि तोंड तर गप्प बसत नाही. त्यामुळे भाभींचं बोलणं मी आनंदाने अंगावर घेतलं होतं. उपकार करते आहे असंच मला वाटायचं, हेही सांगून टाकते.

भाभी मूळच्या दाभोळच्या खाडीकाठच्या. चार यत्ता उर्दू शाळेत काढल्या, लग्न झालं आणि मुनाफभाईंच्या मागोमाग जेद्दाला आल्या, त्याला आता एकतीस वर्षं झाली. मुनाफभाई शराफियाच्या बाजारात मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटर सांभाळतात. माणूस भला, पण बायकोला गाडीतून नेऊन गाडीतून आणायची एवढंच त्यांना ठाऊक. भाभींची भाषा घरात कोकणी, बाजारात मोडकंतोडकं हिंदी आणि किराण्यापुरती अरबी. तांदळाला रुझ, तेलाला झैत, साखरेला सुक्कर, लेट्यूसच्या पाल्याला खस. इंग्रजी अजिबात नाही. शाळेच्या गेटवर बाकीच्या आया इंग्रजीत चिवचिवाट करायच्या तेव्हा भाभी बुरख्याची कड बोटाभोवती गुंडाळत उभ्या असायच्या. पुढे हाशिर, त्यांचा एकुलता एक मुलगा, मोठा झाला आणि ‘अम्मी, तुम रहने दो’ हे त्याचं घरातलं पेटंट वाक्य झालं.

या हाशिरला चार वर्षांपूर्वी लिस्बनला नोकरी लागली, कॉम्प्युटरची. आता गंमत अशी की अरबीत पोर्तुगालला जे म्हणतात आणि संत्र्याला जे म्हणतात ते दोन्ही शब्द आपल्या कानाला सारखेच लागतात. तळमजल्यावरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बाईंनी भाभींना देशाचं नाव सांगितलं, बुर्तुगाल, आणि भाभींनी अख्ख्या इमारतीत पेढे वाटले की हाशिरला संत्र्यांच्या कंपनीत नोकरी मिळाली. चौथ्या मजल्यावरच्या एकाने तर घाऊक भावात पेटी मिळेल का म्हणून विचारलं. हाशिरने कपाळाला हात लावला. भाभी स्वतः मात्र खूप हसल्या. स्वतःवर हसायला त्यांना कधी कोणाची परवानगी लागली नाही.

यंदा रमझानात बातमी आली. हाशिरची बायको निदा हिला दिवस गेले होते, ऑक्टोबरची तारीख होती. निदा जन्माने जेद्दाचीच, शिकली इथल्या इंडियन स्कूलमध्ये, बोलते हिंदी आणि इंग्रजी. तीही तिकडे नोकरी करते, हुशार पोरगी आहे. इफ्तारच्या आधीची वेळ होती. फोन स्पीकरवर होता आणि मी भाभींच्या स्वयंपाकघरात भजी तळत होते. हाशिर म्हणत होता की बाळंतपणाला अम्मी येईल, तीन महिने राहील. मागून निदाचा आवाज आला. आपलं बोलणं इकडे ऐकू येतंय हे तिला ठाऊक नसावं.

“हाशिर, अम्मी वहाँ तीस साल में किसी से बात नहीं कर पाईं, यहाँ क्या करेंगी? घर में बंद बैठी रहेंगी. बच्चा भी मैं सँभालूँ और अम्मी को भी मैं सँभालूँ? मेरी मम्मी को बुला लेते हैं.”

निदाची आई इथल्याच इंग्रजी शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त होऊन मुंब्र्याला असते. हाशिरने घाईघाईने विषय बदलला, मग म्हणाला, असं करू या, ईद झाल्यावर अम्मीने पंधरा दिवस येऊन राहून बघावं, मग ठरवू. ही परीक्षा आहे हे सगळ्यांना कळलं. तसं म्हणालं मात्र कोणी नाही.

फोन ठेवल्यावर मी निदावर तोंडसुख घेऊ लागले तर भाभींनी मला थांबवलं.

“तिचा काय चुकला गो? खरा तांच बोलली. मी मुकीच हाय.” मग कांद्याची परात पुढे ओढून म्हणाल्या, “पन क्षमा, मना त्या पोराला मांडीवर घ्यायचा हाय. पयला नातवंड हाय माझा. मोबाइलवर नाय बघायचा मना.”

मुनाफभाईंना रजा नव्हती. डिसेंबरात ते कायमचे गावी परतणार होते आणि दुकानाचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा परवाना तो अरब मालक, कागदपत्रं होईपर्यंत त्यांना हलू देत नव्हता. भाभींनी एकटीने विमानात बसणं तर कोणाच्या कल्पनेतही नव्हतं. माझी महिनाभराची रजा साठली होती आणि युरोप पाहायची हौस तर कॉलेजापासूनची. मी म्हटलं, मी नेते. व्हिसाचे अर्ज भरले, त्यात भाभींच्या सह्यांखेरीज सगळं मीच केलं. शिवाय लिस्बनमध्ये पाहायच्या ठिकाणांची यादी केली, चौतीस ठिकाणांची, दिवसवार आणि वेळेसकट. भाभींना परीक्षेत पास करायचं तर बरोबर माझ्यासारखी बोलणारी हवी, अशी माझी पक्की समजूत होती.

माझ्या यादीचा पहिलाच दिवस बोंबलला. आम्ही रविवारी पोचलो आणि सोमवारी मी भाभींना घेऊन नदीकाठच्या बेलेम भागात गेले, जिथे तो प्रसिद्ध मठ आणि मनोरा आहे. दोन्हींना टाळं. सोमवारी तिथे म्युझियमं आणि अशा जागा बंद असतात. आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, हे वीस वर्षांत माझ्या हाडात मुरलंय; सोमवारच्या सुट्टीचा विचार मला शिवलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी आणखी फजिती झाली. जेद्दाच्या सवयीने दुपारी जेवून आम्ही दोघी झोपलो, साडेचारला उठून चहा घेतला आणि मजेत टाइल्सचं म्युझियम बघायला निघालो. जेद्दात त्या वेळेला शहर जागं होतं. तिथे पोचलो तर दारातला माणूस आत सोडेना, हातातलं घड्याळ दाखवून मान हलवत राहिला. मी त्याच्याशी इंग्रजीत भांडले. भाभी बाहेरच्या भिंतीवरच्या दोन निळ्या टाइल्स बघून म्हणाल्या, “झाला की बघून. चल.”

तिसऱ्या दिवशी मात्र मठ बघितला. काय बांधलाय! दगडाचं कोरीवकाम असं की हात लावून बघावंसं वाटतं. दारातून आत शिरलं की डाव्या बाजूला वास्को द गामाची कबर आहे. भाभींनी विचारलं, हा कोण. मी शाळेतल्या इतिहासाच्या बाईंच्या आवाजात सांगितलं की यानेच समुद्रातून हिंदुस्थानचा रस्ता शोधून काढला.

“रस्ता हरवला कंदी होता?” भाभी म्हणाल्या. “माझ्या आज्याचा आजा दर सालाला गलबत घेऊन अरबस्तानात अदनला जायचा.”

माझ्या पुढे उभे असलेले दोन इंग्रज मागे वळून बघू लागले, इतक्या मोठ्याने मी हसले. याचे लोक आपल्या किनाऱ्यावर कसे वागले, हाजींनी भरलेलं जहाज त्यांनी कसं पेटवलं, ते मी नंतर भाभींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कबरीकडे पुन्हा एकदा पाहिलं. “आता झोपलाय ना. झोपू दे.”

पिवळ्या ट्राममध्ये बसलो. टेकडीवर नेणारी जुनी लोखंडी लिफ्ट बघितली, वर जायची रांग बघून खालूनच नमस्कार केला. नदीकाठच्या मोठ्या चौकात बसून मी अंड्याच्या त्या गोड खारीसारख्या तीन टार्ट खाल्ल्या आणि आत डुकराची चरबी नाही ना ते भाभींसाठी दोनदा विचारून घेतलं. सगळीकडे मीच बोलत होते. तिकीट मी मागत होते, रस्ता मी विचारत होते, पाण्याची बाटलीसुद्धा मी मागत होते. भाभी माझ्या मागे दोन पावलं, गुडघा सांभाळत. लिस्बन म्हणजे चढ नाहीतर उतार, आणि पायाखाली गुळगुळीत पांढरे दगड. हाशिरचं घरही ग्रासा नावाच्या टेकडीवर, जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. चौथ्या दिवशी भाभींचा गुडघा टम्म सुजला.

त्या संध्याकाळी भाभी आत नमाज पढत होत्या. निदा माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, काळजी होती.

“क्षमा आंटी, चार दिन से मैं देख रही हूँ. सब कुछ आप बोल रही हो. अम्मी तो एक शब्द नहीं बोलीं. आप चली जाओगी, फिर?”

त्या रात्री अंथरुणात मला पहिल्यांदा लख्ख कळलं की भाभींना नापास करत होते ती मी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी घेतली आणि किल्ला बघायला एकटीच निघून गेले. निदाला दवाखान्यात दाखवायचं होतं, हाशिर तिच्याबरोबर गेला. पाय वर घेऊन पडून राहा आणि कोणासाठी दार उघडू नका, असं बजावून आम्ही तिघंही भाभींना एकटीला सोडून बाहेर पडलो.

पुढचं मी नंतर ऐकलं, भाभींकडून आणि एका म्हाताऱ्या बाईंच्या हातवाऱ्यांतून.

भाभींना पडून राहणं कधी जमलंय? त्यांनी भात गॅसवर ठेवला. तेवढ्यात कचऱ्याची पिशवी जिन्यात ठेवायला म्हणून दाराबाहेर गेल्या. तिकडची दारं नुसती ओढली गेली तरी आपोआप बंद होतात. खट्कन आवाज झाला. भाभी बाहेर, भात आत, फोन आत. आमच्या इमारतीत असं झालं तर खाली हारिस असतो, रखवालदार, त्याच्याकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या. तेव्हा भाभींनी जिन्याच्या कठड्यावरून वाकून हाका मारल्या, “हारिस! ओ हारिस! यल्ला, लवकर ये!” खालून कोण येणार? तिथे हारिस नसतोच. भात तर उतू जायला लागला असणार. सुजलेला गुडघा घेऊन त्या एक मजला वर चढल्या आणि पहिल्या दिसलेल्या दाराची घंटा दाबली.

दार उघडलं घरमालकीण डोना लुर्देस यांनी. वय ऐंशीच्या घरात, एकट्या राहतात. दोन वर्षांत हाशिर-निदाचं त्यांच्याशी नमस्कारापलीकडे बोलणं झालेलं नव्हतं, कारण त्यांना इंग्रजी येत नाही आणि या दोघांना त्यांची भाषा शिकायला वेळ नाही. भाभींनी हिंदीत सांगितलं, दरवाजा बंद हो गया. बाई बघत राहिल्या. भाभींनी अरबीत सांगून पाहिलं. बाई बघतच राहिल्या. मग घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघते ती भाषा भाभींच्या तोंडून निघाली.

“अगो बाय माझे, चावी! चावी हाय काय चावी?”

“शाव?” डोना लुर्देस म्हणाल्या. “शाव!”

आणि खिळ्यावरून किल्ल्यांचा जुडगा काढून त्या भाभींच्या पुढे जिना उतरू लागल्या.

भात तळाला थोडा लागला होता. डोना लुर्देसनी पातेल्यात डोकावून वास घेतला आणि म्हणाल्या, “अर्रोश.” भाभींनी कान टवकारले. अर्रोश? म्हणजे अर-रुझ? त्यांनी ओट्यावरची तेलाची बाटली उचलून दाखवली. “झैत?” बाई म्हणाल्या, “अझैत!” साखरेचा डबा दाखवला. इकडून सुक्कर, तिकडून असूकर. मग भाभींना चेवच चढला. बटाटा दाखवला तर बाई म्हणाल्या बटाटा, अगदी तसाच. साबण दाखवला तर साबांव. बादली दाखवली तर बाल्द. पावाला पांव. काजूला काजू. खिडकीकडे बोट केलं आणि बाई म्हणाल्या, जनेला. आमच्या कोकणात आजही कित्येक घरांत खिडकीला जनेलच म्हणतात. पाचशे वर्षांपूर्वी यांच्या लोकांनी आपल्याकडे काही शब्द टाकले, आणि त्याच्याही आधी अरबांनी यांच्याकडे काही टाकले. हे मला नंतर हाशिरने सांगितलं. भाभींना त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. कोकणातलं माहेर आणि जेद्दातला किराणा, दोन्ही गाठीला असलेल्या बाईलाच त्या स्वयंपाकघरात बोलता येण्यासारखं होतं, आणि ती बाई तिथे उभी होती.

मी किल्ला पाहून दुपारी परतले. तटावरून अख्खं शहर बघितलं, लाल कौलं, खाली नदी, मोर फिरत होते. सगळं छान होतं आणि मला काही गोड लागलं नव्हतं. जिना चढताना वरून हसण्याचा आवाज आला. आत येऊन बघते तर टेबलाशी भाभी आणि डोना लुर्देस मटार सोलत बसलेल्या. मध्ये वरच्या घरातून आणलेल्या वस्तूंचा ढीग, आणि एकेक वस्तू उचलून दोघींची परीक्षा चाललेली. मी माझ्या उत्तम इंग्रजीत विचारलं, काय चाललंय? डोना लुर्देसनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मला मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू. सोळा वर्षांची माझी मक्तेदारी एका दुपारात गेली होती. पण भाभींचा चेहरा पाहिला आणि मत्सर फार वेळ टिकला नाही. त्या चेहऱ्यावर घामही होता, पीठही होतं आणि त्या इतक्या खूश होत्या की मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर भाभींनी लिस्बन बघितलं ते असं. माझ्या यादीतलं एकही ठिकाण नाही. सकाळी डोना लुर्देसबरोबर मासळीबाजार. तिथे बांगडे बघून त्या इतक्या खूश झाल्या की घरी येऊन कालवण केलं, आणि वरच्या मजल्यावर वाटी गेली. दुपारी टेकडीवरच्या पाइनच्या झाडांखालचा बाक. तिथून सगळं शहर दिसतं, शेवटी नदी, आणि नदीत मचवे. माझ्या यादीत त्या जागेला दहा मिनिटं दिलेली होती. भाभी तिथे रोज दीड तास बसायच्या. एकदा मी जाऊन शेजारी टेकले तर म्हणाल्या, “ही आमची खाडीच गो. फक्त पलीकडं धोपावे गाव नाय.” डोना लुर्देस दुसऱ्या बाजूला विणत बसल्या होत्या. कोणी फारसं बोलत नव्हतं. मलाही बोलावंसं वाटेना. इतकी छान दुपार मी युरोपात दुसरी घालवली नाही.

दुसऱ्या शनिवारी भाभी एकट्या खाली गेल्या. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून बटाटे आणि खस आणते म्हणाल्या. निदा सुट्टीची घरी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जाऊ दे. पंधरा मिनिटांत भाभी पिशवी भरून परत आल्या, चेहरा जरा गोंधळलेला.

“दुकानातली बाई भली हाय,” त्या सांगू लागल्या. “पन मना माझा पगार विचारलान.”

“पगार?” हाशिर म्हणाला.

“होय. सगला तोलून झाला आनी म्हनते कशी, पगार? मी सांगितला, पगार नाय बाई, मी घरीच असते. तर परत पगार, पगार. मग मी असा हात करून दाखवला.” भाभींनी बोटांचं शून्य करून दाखवलं. “तर तिना हसलान, भाजी पिशवीत भरलान, आनी जा म्हनाली. फुकट दिलान. गरीब समजली असंल मना.”

हाशिर हसून हसून सोफ्यावरून घसरला. पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे देणं, ती बाई म्हणत होती पैसे द्या. हे कळल्यावर भाभींनी कपाळावर हात मारला. “या अल्ला! म्हंजे मी चोरी केली!” आणि पर्स घेऊन तशाच परत निघाल्या. मी उठले तर मला हातानेच बसवलं. पण दारात चप्पल घालताना त्या जरा थांबल्या, आणि हसतच म्हणाल्या, “मना तरी वाटला होता, इतक्या वर्सांत एका बाईना तरी इचारलान, तुझा पगार किती.”

दार बंद झालं. हाशिरचं हसू विरलं. निदा ओट्याशी जाऊन पिशवीतला पाला धुऊ लागली, आणि तो तिने फार वेळ धुतला. भाभी आल्या त्या अर्ध्या तासाने, हसत, हातात वाणिणीने दिलेलं एक संत्रं घेऊन.

पंधरावा दिवस आला. डोना लुर्देसनी जिन्यात भाभींचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. विमानतळावर निदाने भाभींना मिठी मारली, नेहमीपेक्षा जरा लांब. पण ऑक्टोबरबद्दल एक अक्षर बोलली नाही. हाशिरही नाही. विमानात भाभी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “मना मजा आली, क्षमा. खरंच आली. आता काय व्हायचा तां होवो.”

माझ्या चौतीसपैकी एकोणीस जागा बघून झाल्या होत्या. परतल्यावर इस्पितळात मी सगळ्यांना फोटो दाखवले. भाभींकडे फोटो नव्हते. त्यांना कोणी विचारलं, काय बघितलं, तर त्या म्हणायच्या, एक बाई बघितली, लई चांगली हाय.

मे गेला. जून आला, जेद्दात दारं उघडली की भट्टीतली हवा तोंडावर यायला लागली. लिस्बनहून फोन यायचे. तब्येत, हवा, डोहाळे, सगळं बोलणं व्हायचं आणि ऑक्टोबर कोणी काढायचं नाही. मग मुनाफभाईंना शराफियात कोणाकडून तरी कळलं की निदाच्या आईने मुंबईत व्हिसाचे कागद जमवायला सुरुवात केली आहे. भाभींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या कपडे वाळत घालत होत्या. आवाजात काही नव्हतं, पण एकच उशीचा अभ्रा त्यांनी तीनदा झटकला. माझा पारा चढला.

“मी निदाला फोन लावते,” मी म्हटलं. “आत्ता. तिला चार शब्द सुनावते. तुम्ही तिथे काय काय केलंत ते तिला दिसलं नाही का?”

“नको.”

“का नको? तुम्हाला बोलता येत नसेल तर मी—”

“क्षमा,” भाभी म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी असा आवाज कधी काढला नव्हता. “तू माझ्यासाठी लई बोललीस. अल्ला तुला बरकत देवो. पन हितं नको. ह्या पोरीनं मना बोलवायची तर तिच्या मनानं बोलवू दे.”

मी घरी आले आणि रडले. राग आला होता, आणि त्या बरोबर होत्या.

जूनच्या तिसऱ्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, मुनाफभाई जेवायला बसले होते. मी वाटीभर आमटी द्यायला गेले होते तेवढ्यात भाभींचा फोन वाजला. निदा होती. हाशिरच्या फोनवरून नाही, स्वतःच्या. भाभींचे हात पिठाचे, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला आणि माझ्याकडे बघून ओठांवर पिठाचं बोट ठेवलं.

“अम्मी,” निदा म्हणाली, “मम्मी को मैंने बोल दिया है, वो जनवरी में आएँगी. अक्टूबर में आप आओ. टिकट मैं निकाल रही हूँ.”

भाभींनी फोन कोपराने आणखी जवळ ओढला.

“अम्मी, सुन रही हो? काम के लिए नहीं बुला रही. काम के लिए बाई रख ली है. आपके जाने के बाद घर में आवाज़ ही नहीं है. मैं और हाशिर, दोनों लैपटॉप पर. डोना लुर्देस रोज़ सीढ़ी में पूछती हैं, सेन्योरा कब आएगी. डॉक्टर कहती है बच्चा अब सुनता है, उससे बातें करो. मैं बैठती हूँ पेट पर हाथ रखके और मुझे समझ नहीं आता क्या बोलूँ, कौन-सी ज़बान में बोलूँ.” तिचा आवाज चिरकला. “आप आ जाओ ना.”

“येते,” भाभी म्हणाल्या. मग निदाला कळावं म्हणून पुन्हा म्हणाल्या, “आती हूँ, बेटा. रो मत. कुछ खाया?”

पुढची दहा मिनिटं त्या काय खायचं, कुठल्या कुशीवर झोपायचं, चढावरून चालताना कठडा कसा धरायचा, ते निदाला सांगत होत्या, अर्धं हिंदीत अर्धं कोकणीत, आणि पलीकडून निदा हूं हूं करत ऐकत होती. फोन बंद झाला. मुनाफभाईंना स्पीकरवरचं धड ऐकू आलं नव्हतं. घास हातात धरून त्यांनी विचारलं, काय म्हणते पोरगी, कामाला बोलावते काय?

भाभींनी हात धुतले, पदराला पुसले, आणि खुर्ची ओढून चक्क त्यांच्या समोर बसल्या.

“कामाला नाय वो,” त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. “मना बोलायला बोलावलान.”